यंत्रविद्येच्या वाटेवरील स्त्रिया आणि आपला विद्यार्थी-निधी



या स्मरणिकेत दर वर्षी इतिहासविषयक चार पाने लिहिण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविलेले आहे. आपले पूर्वज तेलंगणातून सोलापुरास कसे आले, हातमागाच्या जागी यंत्रमाग कसे आले, श्रीमार्कंडेयाच्या रथोत्सवाची प्रथा कशी वाढली, हे विषय मागील अंकांत येऊन गेले. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. विद्यार्थी-निधीच्या बैठकीत एका सभासदांनी विचारलेल्या प्रश्नाने तो आमच्यापुढे आणून ठेवला. साहाय्यासाठी आलेल्या अर्जांत तीन अर्ज मुलींचे होते. दोघी संगणक-शाखेच्या, तिसरी यंत्र-शाखेची, म्हणजे लोक ज्यास मेकॅनिकल म्हणतात त्या शाखेची. हा तिसरा अर्ज हाती येताच त्या वयोवृद्ध सभासदांनी, मनात काहीएक वाईट हेतू नसताना, विचारले, "मुलीला यंत्रशाळेत काय काम?" कोणी काही बोलले नाही. बैठक पुढे चालू झाली आणि अर्ज बाजूस राहिला. आम्हीही त्या वेळी गप्पच बसलो. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाला ऐन वेळी शब्द सुचू नयेत, याची खंत आम्हांस आठ दिवस पुरली. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, येथे लेखी देत आहोत.

प्रथम आपल्या घरापासूनच आरंभ करू. यंत्राशी आपल्या स्त्रियांचा संबंध नाही, असे निदान पद्मशाली ज्ञातीत तरी कोणी म्हणू नये. हातमागाच्या काळात माग चालविणारा पुरुष असे हे खरे; परंतु सूत उकलणे, कांड्या भरणे, पहाटेच्या गारव्यात बोळात ताणा पसरून पांजणीस हात लावणे ही कामे घरातील बायका-मुलीच करीत. आपल्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांस हे नव्याने सांगावयास नको. कांडी सैल भरली तर धोट्यात अडकते, फार घट्ट भरली तर सूत तुटते. हा ताण किती असावा हे त्या मुलींच्या बोटांस कळे, आणि तो ताण मोजण्यासाठी त्यांच्यापाशी बोटांवाचून दुसरे साधन नव्हते. पुढे यंत्रमाग आले. चार माग एकदम धडधडत असता स्वयंपाकघरात बसलेल्या माउलीने, "तिसऱ्या मागाचा आवाज बदलला, बघा," असे सांगावे आणि खरोखरच त्या मागाचा धागा तुटलेला निघावा, हे आम्ही लहानपणी अनेकदा पाहिलेले आहे.

सोलापुरी चादरीवरील वेलबुट्टी ज्या जेकार्डने उठते, त्या यंत्राची गोष्ट तर याहून मोठी आहे. फ्रान्स देशातील लिआँ येथील जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ते सिद्ध केले. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना ठरावीक जागी भोके पाडावयाची; भोक असेल तेथे ताण्याचा दोरा उचलला जावयाचा, नसेल तेथे खाली राहावयाचा; आणि पट्ट्यांच्या माळेप्रमाणे नक्षी आपोआप विणली जावयाची. भोकांच्या साहाय्याने यंत्राला आज्ञा देण्याची हीच कल्पना पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या योजनेत घेतली, आणि विसाव्या शतकात संगणकांनाही दीर्घकाळ भोकांच्या पट्ट्यांनीच आज्ञा दिल्या जात. तेव्हा संगणक-शाखेच्या ज्या दोन मुलींच्या अर्जांवर कोणास शंका आली नाही, त्यांची विद्यासुद्धा एका अर्थी मागावरूनच उतरलेली आहे. असो.

यंत्र घरात होते. यंत्राची विद्या मात्र घराबाहेर, फार दूर होती. पुण्यातील सरकारी इंजिनियरिंग कॉलेजाचा आरंभ १८५४ साली झाला, तो मुख्यतः सार्वजनिक बांधकाम खात्यास लागणारे कनिष्ठ अधिकारी तयार करण्यासाठी. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ सालची. आपली जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, म्हणजे या दोहोंच्या मधल्या काळात. आणि गिरणीत आपली माणसे खात्यांवर राबत असताना यंत्रांचे ज्ञान असलेली माणसे मात्र बाहेरून आणावी लागत. विमाने, जहाजे आणि मोटारी या देशात बनाव्यात म्हणून झटणारे वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ साली जन्मले. पण त्यांचे नाव धारण करणारे सांगलीचे महाविद्यालय १९४७ चे, आणि खुद्द आपल्या शहरातील वालचंद इन्स्टिट्यूट तर १९८३ चे. तोपर्यंत इंजिनियर होऊ इच्छिणाऱ्या सोलापूरच्या मुलास पुणे, मुंबई अथवा सांगली गाठावी लागे. मुलासच ही स्थिती, मग मुलीची गोष्ट कोण काढणार?

तथापि काही मुलींनी ती गोष्ट काढली. हिंदुस्थानात प्रथम ज्या स्त्रिया इंजिनियर झाल्या त्यांपैकी ए. ललिता यांचे चरित्र आपणांस विशेष जवळचे वाटावे, कारण त्या तेलुगूभाषिक घरातील होत्या. जन्म १९१९ चा, विवाह पंधराव्या वर्षी. अठराव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे हे आपल्या घरांतील जुन्या माणसांस ठाऊक आहे. ललितांचे वडील मद्रासनजीकच्या गिंडी येथील इंजिनियरिंग कॉलेजात विद्युत-विषयाचे प्राध्यापक होते. त्यांनी खटपट करून मुलीस आपल्याच कॉलेजात प्रवेश मिळवून दिला. तिला सोबत हवी म्हणून आणखी मुली घेण्याचे ठरले आणि केरळाकडील दोघीजणी स्थापत्य-शाखेत दाखल झाल्या. हे सारे १९४० ते १९४४ या महायुद्धाच्या वर्षांतील. पदवीपत्राचा छापील नमुना पुरुषांसाठीच असल्यामुळे त्यातील 'तो' या अर्थाचा इंग्रजी शब्द खोडून 'ती' असे हाताने लिहावे लागले. ललितांनी पुढे कलकत्त्याच्या विद्युत-कंपनीत वाहिन्यांच्या आराखड्यांचे काम केले, भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांशी त्यांच्या कामाचा संबंध आला, आणि १९६४ साली न्यू यॉर्क येथे स्त्री इंजिनियर व शास्त्रज्ञांची जी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिला त्या उपस्थित राहिल्या.

आपल्या महाराष्ट्रातील मान शकुंतला जोशी, विवाहानंतरच्या शकुंतला भगत, यांचा. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतून १९५३ साली त्या स्थापत्य-शाखेच्या पदवीधर झाल्या. वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित इंजिनियर होते. मुलीने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढील शिक्षण घेतले, पवईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले, आणि १९७० साली पती अनिरुद्ध भगत यांच्यासह क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली. त्यांची कल्पना अशी की, प्रत्येक पुलाचे भाग निराळे न घडविता ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात तयार करावेत, आणि दरी रुंद असो वा अरुंद, तेच भाग वेगवेगळ्या रीतीने जोडून पूल उभा करावा. डोंगराळ मुलखात, जेथे मोठी यंत्रे नेता येत नाहीत, तेथे याचा फायदा उघड होता. १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात असे पहिले पूल झाले, आणि १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत त्यांच्या पद्धतीचे ६९ पूल उभे राहिले. सरकारी खाती नवीन पद्धतीवर पैसा लावण्यास कचरत, म्हणून आरंभी या दांपत्याने पदरचा पैसा घातला. २०१२ साली शकुंतलाबाई निवर्तल्या. शाळांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव असावयास हवे होते. आम्ही शिकविलेल्या एकाही पुस्तकात ते आम्हांस आढळले नाही.

येथवर वाचलेल्या वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. ललितांचे वडील इंजिनियरिंगचे प्राध्यापक, शकुंतलाबाईंचे वडील पूल बांधणारे. या दोघींच्या बुद्धीविषयी आणि धैर्याविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण यंत्रविद्येचे दार त्यांच्यासाठी आतून उघडणारे कोणीतरी होते. प्रवेशाचा अर्ज कोठे मिळतो, शाखा कोणती घ्यावी, 'ड्रॉइंग' म्हणजे काय, हे घरातील जेवणाच्या पंगतीतच कळावे, असे ते घर. आपल्या ज्ञातीत असे घर अजूनही बोटांवर मोजण्याइतके आहे. म्हणून आमच्या मते आपल्या विचारासाठी तिसरे चरित्र अधिक महत्त्वाचे ठरते, आणि ते पुण्याच्या श्रीमती लीला पूनावाला यांचे होय.

लीलाबाई जन्माने सिंधी. सिंधमधील हैदराबाद येथे १९४४ साली त्यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र बालपणीच हरपले, आणि फाळणीच्या वावटळीत हे कुटुंब निर्वासित होऊन पुण्यास आले. निर्वासित या शब्दाचा अर्थ आपल्या पूर्वजांनाही थोडाबहुत माहीत होता. तेही पोटासाठी मुलूख सोडून, परक्या भाषेच्या गावी, मागाच्या आशेवर आलेले होते. घरात आधार तुटलेला, हाती संपत्ती नाही, अशा स्थितीत शिकलेल्या या मुलीने पुण्याच्या त्याच १८५४ सालच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश घेतला, तोही यंत्र-शाखेत, आणि १९६७ साली ती पदवीधर झाली. यंत्र-शाखेची पदवी घेणाऱ्या हिंदुस्थानातील पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कॉलेजाच्या स्थापनेस तेव्हा ११३ वर्षे होऊन गेली होती.

यंत्र-शाखा म्हणजे केवळ पुस्तकी गणिते नव्हेत, हे येथे सांगावयास हवे, कारण 'मुलीला काय काम' या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. त्या शाखेच्या विद्यार्थ्यास कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात घासावा लागतो, भट्टीपाशी उभे राहावे लागते, लेथवर दंडगोल कातावा लागतो, सांधे जोडावे लागतात. हात काळे होतात. आजही विद्यार्थ्यांना ही कामे करावी लागतात, आणि मुलींनाही ती चुकत नाहीत. ज्या हातांनी कांड्या भरल्या, विड्या वळल्या, त्या हातांना कानशीचे भय का वाटावे, हे आम्हांस समजत नाही.

पदवीनंतर लीलाबाईंनी चिंचवडच्या रस्टन अँड हॉर्न्सबी या कारखान्यात शिकाऊ इंजिनियर म्हणून आरंभ केला. तेलावर चालणारी इंजिने करणारा हा कारखाना; त्याचे नाव आपल्या जिल्ह्यातील जुन्या बागाईतदारांस अजून आठवत असेल. तेथून त्या दापोडी येथील व्हल्कन-लाव्हल, म्हणजे पुढील अल्फा लाव्हल, या स्वीडनशी संबंधित कंपनीत गेल्या. या कंपनीच्या मुळाशी गुस्ताफ द लाव्हल या स्वीडिश इंजिनियराचा एक शोध आहे, आणि तो इतका सुंदर आहे की शिक्षकी सवयीप्रमाणे तो सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. दूध भांड्यात ठेवले म्हणजे हलकी साय हळूहळू वर येते. त्यास कित्येक तास लागतात. द लाव्हलने १८७८ साली असे यंत्र केले की, वेगाने गरगर फिरणाऱ्या भांड्यात दूध सतत ओतत जावयाचे. गोफणीत धोंडा जसा बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, त्याप्रमाणे दुधाचा जड भाग कडेला जातो, हलकी साय मध्याशी राहते, आणि दोन निरनिराळ्या तोंडांवाटे दोन्ही बाहेर पडतात. तासांचे काम क्षणांवर आले. याच तत्त्वाची यंत्रे पुढे तेल गाळण्यास, औषधांच्या कारखान्यांत आणि इतरही अनेक ठिकाणी आली. सहकारी दूध-संघ देशभर उभे राहिले त्या काळात अशा यंत्रांना केवढी मागणी असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

या कंपनीत शिकाऊपणापासून चढत चढत लीलाबाई व्यवस्थापकीय संचालक झाल्या. यंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर स्त्री, हे १९८० नंतरच्या त्या दशकात हिंदुस्थानात जवळजवळ अश्रुतपूर्व होते. १९८९ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्यांच्या चढतीचे टप्पे आम्ही येथे मोजीत बसत नाही. खुर्चीवर पोहोचणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ छापली जातात. आमचे लक्ष आहे ते कारखान्याच्या पहिल्या पायरीकडे. त्या पायरीवर त्या काळी काय वाढून ठेवलेले असे, याचा दाखला त्याच पुण्यातील दुसऱ्या प्रसंगातून मिळतो. १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याची इंजिनियरांसाठी जाहिरात निघाली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे छापलेले होते. हुबळीच्या कॉलेजातून इंजिनियर झालेल्या आणि बंगळूरच्या विज्ञान-संस्थेत पुढे शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांच्या नावे एक पोस्टकार्ड टाकून या अन्यायाबद्दल विचारणा केली. त्यांस मुलाखतीचे बोलावणे आले आणि टेल्कोच्या पहिल्या स्त्री-इंजिनियर म्हणून त्या कामावर रुजू झाल्या. लीलाबाईंनी कारखान्यात पाऊल टाकले ते या पोस्टकार्डाच्या सहा-सात वर्षे अगोदर. तेव्हा जाहिरातींची भाषा याहून मवाळ असेल, असे मानण्यास काही कारण नाही.

आता ज्या कार्यासाठी आम्ही हे चरित्र निवडले त्याकडे वळतो. १९९५ साली लीलाबाई व त्यांचे पती फिरोज पूनावाला यांनी लीला पूनावाला फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. हुशार परंतु गरजू मुलींना व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणे हे तिचे मुख्य कार्य. पुण्यात आरंभ झाला, नंतर वर्धा, अमरावती अशा ठिकाणी विस्तार झाला. इंजिनियरिंगची पदवी घेणाऱ्या मुली, पदविका संपवून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुली, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, परिचर्येच्या म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनी, अशा निरनिराळ्या मुलींना तिचे साहाय्य होते. सातवीपासूनच्या शाळकरी मुलींसाठीही योजना आहे. यांपैकी पदविकेच्या मुलींची गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. गरीब घरची मुलगी बहुधा दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाते, कारण तीन वर्षांत नोकरी मिळेल अशी घरच्यांची आशा असते. तेथे ती चमकली तरी पुढील तीन वर्षांचा खर्च समोर पाहून घरचे म्हणतात, आता पुरे. नेमक्या त्याच ठिकाणी हात देणारे कोणी असेल तर पदविकेची मुलगी पदवीधर होते.

आणखी एक विशेष असा की, ही संस्था केवळ रक्कम देऊन थांबत नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींना 'लीला गर्ल्स' म्हणतात. त्यांच्यासाठी संभाषणाचे, मुलाखतीस सामोरे जाण्याचे, इंग्रजी बोलण्याचे वर्ग असतात. कारखाने दाखविले जातात. आणि शिकून नोकरीस लागलेल्या मुली मागून येणाऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहतात. म्हणजे जेवणाच्या पंगतीत जे ज्ञान ललितांस किंवा शकुंतलाबाईंस सहज मिळाले असेल, ते ज्यांच्या घरी मिळण्यासारखे नाही त्यांस बाहेरून मिळण्याची ही व्यवस्था आहे. स्वतः त्या मार्गाने गेलेल्या माजी विद्यार्थिनीलाच हे सुचावे, यात आम्हांस नवल वाटत नाही. काळोखात चाचपडत जिना चढलेल्या माणसालाच कोणत्या पायरीवर कंदील टांगावा हे ठाऊक असते.

येथे आम्हांस आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. बैठकीत आमच्या तोंडून शब्द न फुटण्याचे खरे कारण तीच चूक होय. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी होती. आई विड्या वळी, वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामास. अंकगणितात आणि भूमितीत तिचा हात धरणारे त्या शाळेत कोणी नव्हते. एकदा तर तिने फळ्यावरील आमची चूक दाखवून दिली, आणि वर्गात हशा पिकला. दहावीला तिला उत्तम गुण मिळाले. तिचे वडील आमचा सल्ला घेण्यास घरी आले. त्यांच्या मनात तंत्रनिकेतनाचा विचार होता, कारण कारखान्यातील फिटरने तशी सूचना केली होती. आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, "मुलीची जात आहे, त्या लोखंडाच्या भानगडीत घालू नका. बारावी करा, डी.एड. ला घाला, मास्तरीण होईल, घरच्या घरी राहील." ते आमच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. बारावी होण्यापूर्वीच तिचा विवाह झाला. मास्तरीणही झाली नाही. आम्ही जाणूनबुजून तिचे वाईट केले नाही. आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन मास्तर झालो, त्यापलीकडची वाट आम्हांसच दिसत नव्हती. आज त्या सभासदांच्या तोंडून निघालेला प्रश्न हा आमचाच जुना सल्ला होता, फक्त चाळीस वर्षांनी दुसऱ्या तोंडून आला. तेव्हा त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही.

त्या काळापेक्षा आजची परिस्थिती पुष्कळ निराळी आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या समाजास विशेष मागास प्रवर्गाच्या शैक्षणिक सवलती आहेतच. त्याशिवाय महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेऊन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे अशा मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण-शुल्क आणि परीक्षा-शुल्क संपूर्ण माफ केले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' नावाची शिष्यवृत्ती खास मुलींसाठी आहे; तीत निवड झालेल्या मुलीस वर्षास ५०,००० रुपये मिळतात आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत तिचा लाभ घेता येतो. आपल्या किती घरांस ही नावे ठाऊक आहेत? निधीकडे आलेल्या अर्जांच्या निमित्ताने आम्ही चौकशी केली, तेव्हा तीनपैकी एकाच पालकाने 'प्रगती'चे नाव ऐकलेले होते.

कोणी म्हणेल, शुल्क माफ झाले, मग आपल्या निधीचे काम काय उरले? हा आक्षेप ऐकावयास ठीक वाटतो; ज्याने मुलीला परगावी ठेवले आहे त्याला मात्र तो हसू आणील. पुण्यास वसतिगृहात जागा मिळाली तर अनामत आणि खानावळ, न मिळाली तर खोलीचे भाडे, वर्कशॉपचा गणवेश आणि जाड तळव्याचे बूट, ड्रॉइंगचे साहित्य, लॅपटॉप, जो आता पाटी-पेन्सिलीइतकाच आवश्यक झाला आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे सामान, मुलाखतीसाठी परगावचा प्रवास. यांपैकी कशाचाही समावेश शिक्षण-शुल्कात होत नाही. शिवाय शासनाची रक्कम पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर खात्यावर जमा होते, आणि खानावळवाला पहिल्या तारखेस पैसे मागतो. मधल्या महिन्यांसाठी सावकाराकडे जाणारे बाप आम्ही पाहिलेले आहेत. आपल्या निधीची रक्कम लहान आहे, पण या मधल्या महिन्यांस ती पुरते.

निधीच्या नियमांविषयी आम्ही येथे दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. आपण मुलांस जे साहाय्य करतो ते उसनवारीने, नोकरी लागल्यावर परत करावे या बोलीवर. हिशेबाच्या वहीत परतफेडीचा रकाना पुष्कळ ठिकाणी कोरा आहे. नावे घेण्याचे कारण नाही, ज्यांची आहेत ते ही स्मरणिका वाचतातच. कोऱ्या रकान्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की, निधीच्या साहाय्याने इंजिनियर झालेले आपले तरुण पुण्यास, बंगळुरास, कित्येक परदेशी आहेत, आणि त्यांपैकी कोण कोठे कोणत्या कामावर आहे याची साधी यादीही आपल्यापाशी नाही. यंत्र-शाखेच्या मुलीला एखाद्या कारखान्याचा आतील भाग दाखवावयाचा झाला तर कोणास पत्र लिहावे, हे आपणांस सांगता येत नाही. लीलाबाईंच्या संस्थेकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट आमच्या मते हीच आहे. पैशाची परतफेड ज्यास जमत नसेल त्याने वर्षातील चार रविवार द्यावेत, मागून येणाऱ्या एका मुलास अथवा मुलीस आपल्या कामाची जागा दाखवावी, अर्ज भरून द्यावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी. आणि वहीत तो रकाना भरला असे समजावे. ज्ञातीतील ज्या मुली इंजिनियर झाल्या आहेत त्यांनी तर प्रथम पुढे यावे. त्यांची संख्या लहान आहे हे आम्ही जाणतो. गिंडीच्या कॉलेजात आरंभी तिघीच होत्या.

यादीचे काम आम्ही स्वतः हाती घेतले आहे. एक जाड वही घातली आहे, आणि आजवर सत्तावीस नावे, शाखा, गाव व कामाचे ठिकाण यांसह तीत उतरली आहेत. त्यांपैकी मुली पाच. कार्यालयात संध्याकाळी पाच ते सात या वेळेत ती वही पाहावयास मिळेल, आणि नाव नोंदविण्यास कोणीही यावे.

आता त्या बाजूस राहिलेल्या अर्जाविषयी. मुलीचे नाव आम्ही येथे छापीत नाही. ती तंत्रनिकेतनातून पदविका संपवून थेट दुसऱ्या वर्षात दाखल झाली आहे. आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. अर्जासोबत तिने पदविकेच्या शेवटच्या वर्षी केलेल्या प्रकल्पाची एक चतकोर माहिती जोडली आहे. कांडी भरताना सुताचा ताण एकसारखा राहावा म्हणून बसवावयाचे ते एक लहानसे उपकरण आहे, आणि आकृती तिने स्वतःच्या हाताने काढली आहे. ती चिठ्ठी आम्ही त्या वयोवृद्ध सभासदांच्या घरी नेऊन त्यांच्या हाती दिली. ते स्वतः तीस वर्षे मागावर होते. चष्मा लावून त्यांनी ती आकृती बराच वेळ पाहिली, मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "येथे स्प्रिंग बसविली आहे, ती पावसाळ्यात गंजेल, सूत डागाळेल. तिला सांगा, पितळेची घाल म्हणावे." अर्ज पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे.